कमी बजेटमध्ये लिफ्ट किट कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्च्या, खडकाळ वाटांवर गाडी नेणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. लिफ्ट म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलणं, आणि त्यासाठी लागणाऱ्या भागांचा संच म्हणजे लिफ्ट किट. खिशाला मर्यादा आहे हे धरूनच ती लिहिली आहेत. पैसा मोजका असला की तो उंची वाढवण्यात घालवायचा मोह होतो, कारण उंची चटकन नजरेत भरते. पण गाडी वाट काढते ती चाक जमिनीला धरून राहतं म्हणून. ते काम स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर आणि सांध्यांचे कोन करतात, आणि माझ्या मते पहिला पैसा तिथेच जायला हवा.

मला लिफ्टची खरंच गरज आहे का?

गाडीखाली शिरून बघा. ओरखडे कुठे आहेत त्यावरून उत्तर मिळतं. पुढचा बंपर घासत असेल तर अडचण चढाच्या सुरुवातीला येते, मागचा घासत असेल तर उतार संपताना. पोटाखाली मधोमध ओरखडे असतील तर गाडी उंचवट्यावर टेकते आहे. या तिन्ही ठिकाणी सस्पेन्शन लिफ्टचा, म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या जागी उंची वाढवण्याचा, उपयोग होतो. ओरखडे फक्त डिफरन्शियलच्या गोळ्यावर (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या फुगीर पेटीवर) असतील तर मात्र पुढचा प्रश्न आधी वाचा.

ओरखडे फारसे नाहीतच, पण चिखलात, वाळूत किंवा सैल दगडांवर चाकं जागच्या जागी फिरत राहतात, अशी तक्रार असेल तर लिफ्टने काही सुटणार नाही. तिथे चांगले ऑल-टेरेन टायर, हवा कमी करायची सवय आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर एवढंच पुरतं. मध्यम वजनाच्या गाडीत खडबडीत वाटेवर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला लागणारा भाग लांबतो आणि पकड लगेच सुधारते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे विसरून चालत नाही.

लिफ्ट केल्यावर ग्राउंड क्लिअरन्स नेमका कुठे वाढतो?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. सुझुकी जिम्नी किंवा जीप रँग्लरसारख्या गाड्यांना पुढे-मागे अखंड (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेला) अ‍ॅक्सल असतो. त्यात सस्पेन्शन लिफ्टमुळे चेसिस आणि बॉडी वर जातात. अ‍ॅक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि टायरच्या व्यासात जेवढी वाढ होते त्याच्या निम्मीच वाढ खाली मिळते. २९ इंचांवरून ३१ इंचांवर गेलात तर डिफरन्शियलखाली १ इंच.

टोयोटा हायलक्स किंवा फोर्ड रेंजरसारख्या पिकअपमध्ये पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतात आणि डिफरन्शियल चेसिसला बांधलेला असतो. म्हणून पुढे लिफ्ट केली की तोही वर जातो. मात्र चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे कोन वाढतात, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल अखंडच असतो, त्यामुळे मागे वरचाच नियम लागू.

बॉडी लिफ्ट स्वस्त पडते. ती का करू नये?

बॉडी लिफ्टमध्ये चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. सस्पेन्शनचे कोन बदलत नाहीत, गुरुत्वमध्यही फारसा चढत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवरच राहतात. मोठ्या टायरसाठी मडगार्डखाली जागा करायची एवढाच हेतू असेल तर एक इंचाची बॉडी लिफ्ट हा प्रामाणिक पर्याय आहे. चेसिसचं पोट मात्र जमिनीपासून होतं तेवढंच राहतं, आणि स्टिअरिंगचा दांडा, गिअर लिव्हर, रेडिएटरचा पंखा व त्याचं आवरण या सगळ्यांचं जुळतं का ते पाहावं लागतं. ज्या गाड्यांना वेगळी चेसिसच नाही, त्यांच्यात हा प्रकार करता येत नाही.

किती इंच घ्यावी?

कमी बजेट असेल तर २ इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर. यापेक्षा कमीही चालेल.

बहुतेक गाड्यांचे मूळ सांधे, ब्रेकच्या नळ्या आणि शाफ्ट एवढा बदल थोड्या दुरुस्तीवर सोसतात. त्यापुढे एकेक भाग आपल्या मर्यादेबाहेर जाऊ लागतो. ३ इंचांनंतर लांब कंट्रोल आर्म (चाकाला किंवा अ‍ॅक्सलला जागेवर धरणारे दांडे), अ‍ॅडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड (त्याबद्दल पुढे), लांब ब्रेक होज, कधी नवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा लांब दांडा) अशी यादी वाढत जाते, आणि ४ इंचांचं पूर्ण काम नीट करायचं तर किटच्या किमतीएवढाच खर्च बाकीच्या भागांवर होऊ शकतो. ज्यांचं बजेट लहान आहे ते ही यादी मध्येच सोडतात आणि अर्धवट लिफ्ट केलेली गाडी चालवत राहतात. ती गाडी मूळ गाडीपेक्षा वाईट असते, रस्त्यावरही आणि रस्त्याबाहेरही.

स्पेसर सगळ्यात स्वस्त आहेत. चालतील का?

स्पेसर म्हणजे उंची वाढवायला मध्ये घालायची जाड चकती. ती कुठे बसवणार त्यावर अवलंबून आहे.

अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत स्प्रिंगच्या वर पॉलियुरेथेनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ३०-४० मिलिमीटरचा स्पेसर टाकणं हा वाईट उपाय नाही. स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, गाडी पहिल्यासारखीच चालते. अट एवढीच की जुन्या स्प्रिंगा थकलेल्या नसाव्यात, बंप स्टॉप (चाकाला फार वर येऊ न देणारे रबरी ठोकळे) तेवढेच खाली आणावेत आणि शॉकची लांबी पुरावी. दबून बसलेल्या स्प्रिंगवर स्पेसर टाकला तर उंची परत येते, पण धक्का पेलायची ताकद येत नाही.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर प्रकरण वेगळं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या एकत्र जोडणीच्या) डोक्यावर स्पेसर बसवला की अख्खा स्ट्रट खाली ढकलला जातो. डबल विशबोन रचनेत (चाक वर आणि खाली अशा दोन आर्मवर धरलेलं असतं) स्ट्रटचं खालचं टोक आर्मच्या मध्यावर कुठेतरी जोडलेलं असतं, म्हणून २५ मिलिमीटरच्या स्पेसरने चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडू शकतो. किट विकणारे यालाच फायदा म्हणतात. पण चाक लोंबतं तेव्हा तेही मूळ मर्यादेपेक्षा तेवढंच जास्त खाली जातं. आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला पोचतो, सीव्ही जॉइंटवर (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावर) ताण येतो, त्याचं रबरी बूट फाटतं, आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. खड्डा पार करताना चाक हवेत गेलं की हे घडतं, म्हणजे ऑफ-रोडवर वारंवार.

स्प्रिंगच्या वर, स्ट्रटच्या आत बसणारा स्पेसर वेगळा. त्यात स्ट्रटची लांबी तीच राहते, स्प्रिंग आणखी दाबली जाते. सांधे वाचतात, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि छोट्या खड्ड्यातही पुढून ठोका ऐकू येतो.

माझं मत स्पष्ट आहे. स्वतंत्र सस्पेन्शनला स्पेसर लावायचाच असेल तर बेताचा लावा, पुढची खाली झुकलेली ठेवण मागच्याशी समान करण्यापुरता. यापेक्षा जास्त उंची हवी असेल तर योग्य लांबीचे स्ट्रट आणि स्प्रिंगा घेईपर्यंत थांबा.

गाडीला पाटे आहेत. काय करावं?

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत स्वस्त मार्ग अनेक आहेत आणि त्यांतले काही धोक्याचे आहेत.

लांब शॅकल: शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) २ इंच लांब केला तर गाडी साधारण १ इंच उठते. थोड्या उंचीला ठीक. फार लांब शॅकलमुळे गाडी आडवी डोलते आणि पुढच्या अ‍ॅक्सलला लावल्यास कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, जो चाकं सरळ ठेवतो) बिघडतो.

जादा पाटा: दबलेल्या पाट्यांना उभारी द्यायला उपयोगी, आणि गाडी कायम भरलेली असेल तर मला हा पर्याय आवडतो. आखूड जादा पाटा एकाच ठिकाणी ताण आणतो आणि गाडी फार कडक करतो, म्हणून पूर्ण लांबीचा पाहा.

ब्लॉक: अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा. फक्त मागे, आणि एकच. एकावर एक ठोकळे रचू नयेत. पुढच्या अ‍ॅक्सलला ब्लॉक कधीही नको. जोरात ब्रेक लावल्यावर तिथे येणारा पीळ ठोकळ्याला बाहेर ढकलू शकतो, आणि मग गाडीला दिशाच राहत नाही. मागेही उंच ब्लॉकमुळे जोर देताना अ‍ॅक्सल पिळतो आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नवा पूर्ण संच, अनेक पातळ पाट्यांचा. महाग पडतो, पण त्यात आराम आणि उंची दोन्ही मिळतं. कोणताही मार्ग घ्या, अ‍ॅक्सलला पाटे बांधणारे यू बोल्ट नवेच घ्या. एकदा आवळून ताणलेला यू बोल्ट पुन्हा तशीच पकड देत नाही.

स्प्रिंग निवडताना काय पाहायचं?

वजन. फक्त वजन. एकाच गाडीसाठी एकाच उंचीच्या स्प्रिंगा हलक्या, मध्यम आणि जड अशा प्रकारांत मिळतात, आणि गाडीवर कायम किती भार असतो त्यावर निवड ठरते. लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), रूफ रॅक, वाढीव इंधनटाकी, मागचा पाण्याचा साठा, हे सगळं कायमचं वजन. महिन्यातून एकदा नेलेलं सामान त्यात धरू नका. शक्य असेल तर वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या. अंदाजाने घेतलेल्या स्प्रिंगा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जड निघतात, कारण पुढेमागे विंच बसवू असा विचार मनात असतो.

रिकाम्या गाडीखाली जड स्प्रिंग टाकली की गाडी ठरल्यापेक्षा जास्त उठते, दगडांवरून उड्या मारते आणि चाक खाली जायला हवं तेव्हा जात नाही. हलक्या स्प्रिंगवर जड गाडी ठेवली तर लिफ्ट सहा महिन्यांत बसते. आज जे वजन आहे त्याला जुळणारी स्प्रिंग घ्या.

शॉक अब्सॉर्बरवर किती खर्च करावा?

किटमधला सगळ्यात मोठा वाटा इथे गेला तरी मी हो म्हणेन. स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण खाचखळग्यांतून चाकाला आवरतो तो शॉक. तासभर खडबडीत वाटेवर चालल्यावर तेल तापतं, पातळ होतं, आणि सुमार शॉक नुसता वरखाली पळू लागतो. उंच झालेल्या गाडीत हे जास्त जाणवतं, कारण गुरुत्वमध्य वर गेलेला असतो.

ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब, हा पुढचा प्रश्न. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालतो, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते. पण त्याच नळीवर दगडाचा पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो. ट्विन-ट्यूबमध्ये काम आतल्या नळीत चालतं, बाहेर थोडा पोचा आला तरी चालतं आणि किंमतही कमी असते. मात्र तो लवकर तापतो. बेताच्या बजेटमध्ये जाड बोअरचा (म्हणजे रुंद नळीचा), गॅस भरलेला चांगला ट्विन-ट्यूब शॉक मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बाहेर तेलाची वेगळी टाकी असलेले शॉक वेगाने लांब पल्ला मारणाऱ्यांसाठी आहेत.

लांबी मात्र मोजूनच घ्यायची. चाक पूर्ण वर दाबलं गेलं तेव्हा शॉक संपण्याआधी बंप स्टॉपने धक्का झेलला पाहिजे. चाक पूर्ण लोंबलं तेव्हा ब्रेक होज ताणला जाता कामा नये आणि कॉइल स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटता कामा नये. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना शॉकचा दांडा साधारण मध्यावर असावा.

आधी स्प्रिंगा, नंतर शॉक, असं टप्प्याटप्प्याने करता येईल का?

हे दोन भाग वेगळे करू नका. उंच स्प्रिंगांवर जुने आखूड शॉक ठेवले तर चाक खाली जाताना सगळा हिसका शॉकच्या आतल्या टोकावर आणि माउंटवर येतो. उलट केलं, मूळ स्प्रिंगांवर लांब शॉक लावले, तर खड्ड्यात बंप स्टॉप लागायच्या आधी शॉकच ठोकला जातो. दोन्हीत शॉक जातो.

टप्पे करायचेच असतील तर हा क्रम मला पटतो: आधी झिजलेले बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या), बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचे सांधे बदला. मग टायर. मग रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायला, चेसिसला बांधलेले, भार सोसणारे हुक. त्यानंतर स्प्रिंग, शॉक, बंप स्टॉप आणि कोनांची दुरुस्ती, हे सगळं एकाच वेळी. तोवर साठवलेला पैसा वाया गेलेला नसतो, कारण पहिल्या तीन गोष्टी लिफ्टनंतरही लागणारच होत्या.

किटच्या किमतीत न दिसणारा खर्च कोणता?

या प्रश्नाचं उत्तर किट घेण्याआधी कागदावर लिहून काढा, कारण बजेट इथेच फुटतं.

पॅनहार्ड रॉड: अखंड अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा हा दांडा एका बाजूने चेसिसला आणि दुसऱ्या बाजूने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी वर गेली की दांडा जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला चेसिसच्या जोडाकडे काही मिलिमीटर ओढतो. अ‍ॅडजस्ट होणारा रॉड किंवा त्याचा ब्रॅकेट लागतो. पुढे रॉडचा ब्रॅकेट एकटाच हलवला तर तो स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला (चाकांना वळवणाऱ्या दांड्याला) समांतर राहत नाही, आणि मग प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हिसका देतं.

कॅस्टर: रेडियस आर्मवर (अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्यांवर) बसलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये दर इंचाला साधारण १ अंश कॅस्टर कमी होतो. त्यासाठी ऑफसेट (भोक मध्यापासून सरकवलेले) बुश किंवा आर्म खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात. बुश स्वस्त, पण त्यांची मर्यादा लहान. ब्रॅकेट जास्त दुरुस्ती देतात, मात्र खाली लोंबतात आणि दगडाला लागतात.

मागच्या ब्रेकचा भारमापक व्हॉल्व्ह: अनेक गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एका दांड्याने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. मागे वजन किती आहे ते पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. लिफ्ट केल्यावर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्याचा ब्रॅकेट हलवणं सोपं आणि स्वस्त आहे, तरीही हेच काम सर्वाधिक वेळा राहून जातं.

शिवाय ब्रेक होज, एबीएसच्या वायरी, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचा कल कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंका, व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन. समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारणारी उंच गाडी सर्वांनाच धोका आहे. काचेवर कॅमेरा किंवा पुढे रडार असलेल्या गाडीत त्यांचं कॅलिब्रेशनही तपासून घ्या.

लिफ्टनंतर स्टिअरिंग भटकतं किंवा थरथरतं. किट खराब आहे का?

बहुधा नाही. सरळ रस्त्यावर गाडी इकडे-तिकडे भटकत असेल आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर कॅस्टर कमी पडला आहे. ठराविक वेगाला खड्डा लागल्यावर पुढचा भाग जोरात थडथडू लागला आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नसेल, तर पॅनहार्ड रॉडचे बुश, त्याचे बोल्ट, बॉल जॉइंट आणि टाय रॉड तपासा. यातलं काहीतरी ढिलं आहे. स्टिअरिंग डॅम्पर लावून हे दाबून टाकता येतं, पण कारण तसंच राहतं आणि वाढत जातं.

गाडीत खालून कंप येतो, तो कशाचा?

प्रोपेलर शाफ्टचा. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन समान असावे लागतात. लिफ्टने ते बिघडतात, आणि शाफ्ट जितका आखूड तितका फरक मोठा. १९९७ ते २००६ दरम्यानच्या जीप रँग्लरमध्ये मागचा शाफ्ट फार आखूड असल्याने ही तक्रार नेहमीची आहे. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सलखाली पाचर देऊन कोन सुधारतो, पाचर पोलादी घ्या. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटून देणारी पेटी) खाली आणणारे ठोकळेही मिळतात, पण त्यात पोटाखालचा क्लिअरन्स परत जातो, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच थोडं गमावतो.

टायर किती मोठा घालू?

मूळ मापापेक्षा १ ते २ इंच मोठा, आणि तो स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाक वर दाबून कुठे घासत नाही ना ते पाहून. मोठ्या टायरने गिअर जड वाटतात, ब्रेकला जास्त काम पडतं आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. २९ वरून ३१ इंचांवर गेल्यावर काटा ६० दाखवत असेल तेव्हा गाडी सुमारे ६४ ने जात असते.

सेकंडहँड किट घ्यावं का?

कॉइल स्प्रिंगा आणि आर्म घेता येतील. स्प्रिंगवर भाग क्रमांक वाचता येत असेल, डाव्या-उजव्या जोडीची मोकळी उंची अपेक्षेप्रमाणे असेल, रंग निघून खोल गंज चढलेला नसेल, तर पैसे वाचतात. शॉक मात्र उघडून पुन्हा भरता येणारे असतील तरच. दांड्यावर ओरखडा, तेलाचा ओलावा किंवा दाबताना मध्येच मोकळी जागा जाणवली तर सोडून द्या. बुश आणि बोल्ट नवेच.

घरी बसवता येईल का?

पाट्यांचं आणि अखंड अ‍ॅक्सलचं काम सराव असलेल्या माणसाला जमतं, चेसिसखाली मजबूत स्टँड असतील तर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. स्ट्रट उघडून स्प्रिंग बदलायचं काम मात्र वर्कशॉपला द्या. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकतो इतका जोर तिच्यात असतो. त्या कामाची मजुरी वाचवण्यासारखी नाही.

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

नोंदणी, विमा, वॉरंटी?

उंची आणि टायरच्या बदलाचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. पैसे भरण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

बसवल्यावर काय तपासायचं?

काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा बदलली की तो आकडा फसवतो. बसवल्यावर तेच माप पुन्हा घ्या. इंधनटाकी आणि बॅटरीच्या वजनामुळे डाव्या-उजव्यात काही मिलिमीटरचा फरक असणं नेहमीचं आहे.

वाटेवर नेण्याआधी एक चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन पूर्ण वाकवा, मग दुसरं. प्रत्येक वेळी खाली वाकून ब्रेक होज, वायरी, शॉक आणि टायर पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून सुद्धा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, यू बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडपासून सुरुवात करा. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून त्या बसल्यावर अलाइनमेंट पुन्हा एकदा पाहून घ्या आणि हेडलाइटही तेव्हाच शेवटचे लावा.